आठ रेषांच्या चार होईपर्यंत

परवा माझ्या सहामाही प्रगती अहवालावर माझ्या मार्गदर्शक सरांची सही झाली आणि पीएचडीचं तिसरं प्रकरण एकदाचं मार्गी लागलं. स्फटिकात बसलेल्या तांब्याच्या आयनाचं त्याच्या शेजाऱ्यांमुळे काय होतं, एवढाच त्या प्रकरणाचा विषय. त्याला जून २०२३ ते मे २०२४ असं जवळजवळ वर्ष लागलं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. आमच्याकडे ईपीआरचं यंत्र नाही (नमुन्यातले एकटे इलेक्ट्रॉन कुठल्या चुंबकीय क्षेत्राला मायक्रोवेव्ह शोषतात ते हे यंत्र आलेखावर रेषांच्या रूपात दाखवतं), एक्स-रेचंही नाही. शोधनिबंध वाचावा तर त्यात एकच वाक्य असतं : स्फटिक तीन परस्परलंब प्रतलांत फिरवून नोंदी घेतल्या. तो स्फटिक धरायचा कसा, कुठली बाजू वर, हे कुणी लिहीत नाही. तालुक्याच्या कॉलेजात बसून हे काम करणारं आणखी कुणी असेल तर त्याची माझ्यासारखी अडचण होऊ नये, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

आधी विषय थोडक्यात. मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळीत तापवला की पांढरी भुकटी उरते आणि तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलं की निळा रंग परत येतो, हे आपण शाळेत पाहिलेलं असतं. तांबं तेच, सल्फेट तेच. गेलं आणि आलं ते तांब्याला चिकटून बसलेलं पाणी. मोकळ्या आयनात पाचही डी कक्षकांची, म्हणजे इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांची, ऊर्जा सारखी असते. भोवती शेजारी येऊन बसले की ज्या कक्षकांचं तोंड त्यांच्याकडे असतं त्यांची ऊर्जा वर चढते, बाकीची खाली राहतात. ही फूट म्हणजे क्रिस्टल फील्डचा परिणाम. हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये याचं गणित मांडलं. माणिक लाल आणि पाचू हिरवा, पण दोघांत रंग देणारा आयन क्रोमियमचाच. ही फूट माणकात थोडी जास्त आणि पाचूत थोडी कमी असते, आणि तेवढ्या फरकाने रंग बदलतो. हे मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवत होते. मोजलं मात्र कधी नव्हतं.

मोजायचं तर एकसंध स्फटिक हवा. भुकटीत कण सगळ्या दिशांना तोंडं करून पडलेले असतात, त्यामुळे हाती येतं ते सगळ्या दिशांचं मिश्रण. स्फटिकात आपण एकेक दिशा स्वतंत्रपणे विचारू शकतो. भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांनी १९३०च्या सुमारास ढाक्याला आणि मग कलकत्त्याला बारीक तंतूला स्फटिक टांगून तो चुंबकीय क्षेत्रात कसा वळतो ते मोजलं होतं. साधनं साधी आणि मोजणी इतकी नेमकी, की मला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो.

सरांनी टटन क्षार सुचवला : झिंक अमोनियम सल्फेट. यात प्रत्येक झिंकभोवती पाण्याचे सहा रेणू, समोरासमोरच्या तीन जोड्यांत. झिंकचे डी कक्षक पूर्ण भरलेले असल्यामुळे ईपीआरमध्ये ते काहीच बोलत नाही. त्याच्या जागी थोडं तांबं घातलं की फक्त तांब्याचा आवाज ऐकू येतो. तांबं थोडंच घालायचं, कारण जास्त झालं तर तांब्याचे आयन एकमेकांच्या जवळ येतात आणि रेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात.

१२ जून २०२३, सोमवार. झिंक सल्फेट २८.७५ ग्रॅम, अमोनियम सल्फेट १३.२१ ग्रॅम, मोरचूद ०.१२५ ग्रॅम, म्हणजे दर दोनशे झिंकमागे एक तांबं. गरम डिस्टिल्ड पाणी २५० मिली, सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब, व्हॉटमन कागदातून गाळून बीकरमध्ये. वर प्लास्टिकचा कागद ताणून सुईने आठ-दहा भोकं पाडली. झिंक सल्फेट आणि अमोनियम सल्फेट कृषी सेवा केंद्रातही खत म्हणून मिळतात आणि खूप स्वस्त पडतात. तो मोह टाळा. त्यात मँगनीज असू शकतं, आणि मँगनीजच्या रेषा तुमच्या तांब्याच्या रेषांवर येऊन बसल्या तर त्या निवडता निवडता नाकी नऊ येतात. मी एआर ग्रेड, म्हणजे प्रयोगशाळेसाठीची शुद्ध रसायनं घेतली, १,३८० रुपये लागले. कॉलेजच्या खरेदीसाठी तीन कोटेशनं लागतात, त्यात पाच आठवडे गेले असते, म्हणून पदरचे पैसे घातले.

पहिला प्रयत्न फसला. बीकर खिडकीजवळ ठेवला होता आणि बाहेर पाऊस. हवेत इतका दमटपणा की पाणी उडेचना. त्यात मी रोज सकाळी बीकर उचलून उजेडात धरून पाहायचे. १० जुलैला तळाशी एक जाड पापुद्रा जमलेला दिसला, शेकडो बारीक स्फटिक एकमेकांत घुसलेले. आमच्या लॅबमधले मामा तीस वर्षं तिथे आहेत. ते म्हणाले, "मॅडम, ते रोज हलवताय कशाला? दही लावल्यावर आपण भांडं हलवतो का?" त्यांनीच जिन्याखालची दगडी भिंतींची खोली सुचवली, जिथे दिवसरात्र तापमान फारसं बदलत नाही. पापुद्रा टाकून दिला नाही, गरम पाण्यात परत विरघळवला, परत गाळला. २४ जुलैला बीकर त्या खोलीत गेला, आणि मामांनी दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली.

९ ऑगस्टला तळाशी पाच-सहा ठिपके दिसले. त्यातले कडा सरळ असलेले चार निवडून ताज्या गाळलेल्या द्रावणात ठेवले. २८ ऑगस्टपर्यंत चौदा स्वच्छ स्फटिक तयार झाले, ३ पासून ९ मिलिमीटरपर्यंत. रंग म्हणाल तर जवळजवळ पाण्यासारखा. पांढऱ्या कागदावर ठेवून तिरकं पाहिलं तरच फिकट निळसर झाक दिसते. सगळ्यात मोठा स्फटिक मी तळहातावर घेऊन किती वेळ पाहत बसले. कुणी घासले नव्हते की पैलू पाडले नव्हते, आणि तरी पृष्ठभाग आरशासारखे.

आता यंत्र. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत बाहेरच्यांसाठी ईपीआरची सोय आहे. ४ सप्टेंबरला ऑनलाइन अर्ज भरला. विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागतं. माझं पहिलं पत्र परत आलं, कारण त्यावर सही होती पण कॉलेजचा गोल शिक्का नव्हता. आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या : पैसे स्वतःच्या खात्यातून भरले तर पावती तुमच्या नावाने येते, आणि प्रकल्पाच्या खर्चपत्रकात ती चालत नाही. मी कॉलेजच्या खात्यातून भरायला लावले, त्यासाठी प्राचार्यांच्या दोन सह्या आणि नऊ दिवस. तासाला ६०० रुपयांप्रमाणे सहा तास आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,२४८ रुपये. गणपती १९ सप्टेंबरला बसले, त्या आठवड्यात कुठूनच उत्तर नाही. अखेर ११ ऑक्टोबरची वेळ मिळाली.

जाण्याआधी तिथल्या ऑपरेटर सरांना फोन केला, ते फार बरं झालं. त्यांनी विचारलं, "स्फटिक केवढा आहे?" मी नऊ मिलिमीटर सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आमची नळी आतून चार मिलिमीटरची आहे. तीनपेक्षा मोठा आणू नका." माझा सगळ्यात देखणा स्फटिक घरीच राहणार होता. म्हणून सांगते, वाढवण्याआधी नळीचा आतला व्यास विचारून घ्या. लहान स्फटिक लवकर तयार होतात आणि बहुधा जास्त निर्दोषही असतात.

नेण्याची पद्धत : प्रत्येक स्फटिक वेगळ्या छोट्या काचेच्या बाटलीत, खाली-वर कापूस. सिलिका जेल घालू नका. हा सजल क्षार आहे, फार कोरड्या हवेत त्यातलं पाणी निघून जातं. माझे दोन स्फटिक महिनाभर डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या भांड्यात) राहून वरून धुरकट झाले. सहा तरी न्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघाले, बाटल्या पर्समध्ये आणि पर्स उशाखाली.

११ ऑक्टोबरचा दिवस वाया गेला, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

हा स्फटिक एकनताक्ष प्रणालीतला : ए, बी, सी या तीन अक्षांपैकी बी बाकी दोघांना काटकोनात, पण ए आणि सी आपसांत तिरके. याच्या एकक कोशात झिंकच्या दोन जागा असतात, रचनेने सारख्या पण वेगळ्या तोंडाने बसलेल्या. तांब्याच्या अणुगर्भाच्या फिरकीमुळे प्रत्येक जागेच्या चार रेषा मिळतात, म्हणून एकूण आठ. पण सममितीमुळे, चुंबकीय क्षेत्र एसी प्रतलात असलं किंवा बी अक्षाच्या दिशेने असलं, तर दोन्ही जागा क्षेत्राला अगदी सारख्या दिसतात आणि आठाच्या चार व्हायलाच हव्यात. स्फटिक नीट धरला आहे की नाही हे तपासायची ही सगळ्यात चांगली कसोटी. आम्ही स्फटिक बी अक्षाभोवती फिरवायला लावला, म्हणजे मला जो बी अक्ष वाटत होता त्याच्याभोवती. ० अंश, १० अंश, २० अंश. रेषा एकत्र येईनात. ऑपरेटर सरांनी तीन वेळा स्फटिक काढून परत चिकटवला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, यंत्र बरोबर आहे. तुमचा बी अक्ष कुठे आहे ते परत बघा." चार वाजता मी थांबायला सांगितलं. उरलेल्या वेळेत निदान डीपीपीएच या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण पदार्थाची रेषा आणि स्फटिक चिकटवतात त्या मोकळ्या दांडीची नोंद घेऊन ठेवली.

परतीच्या गाडीत रात्रभर झोप लागली नाही. पैसे कॉलेजचे होते, रजा माझी होती, आणि पुढची वेळ कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन बसले. या स्फटिकाचा सगळ्यात रुंद पृष्ठभाग (००१); कंसातले आकडे म्हणजे अक्षांच्या संदर्भात पृष्ठभागाचं नाव. तो समभुज चौकोनासारखा, म्हणजे खेळायच्या पत्त्यावरच्या चौकटीसारखा दिसतो. मी त्याची कड म्हणजे बी अक्ष धरली होती. पण ती कड (००१) आणि (११०) या दोन पृष्ठभागांच्या छेदाची रेषा आहे, आणि ती ए आणि बी यांच्या मधून तिरकी जाते. एकक कोशाची ए बाजू सुमारे ९.२ आंगस्ट्रॉम, बी सुमारे १२.५. भागाकार करून कोन काढला तर कड बी अक्षापासून ३६ अंशांवर येते. बी अक्ष त्या चौकटीच्या लांब कर्णावर असतो. अक्ष कडेला नाही, कर्णावर आहे, हे त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं.

कागदावर पटलं, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परत मुंबईला जायची माझी तयारी नव्हती. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात भूशास्त्र विभाग आहे आणि खडकांच्या पातळ चकत्या पाहायला त्यांच्याकडे पोलरायझिंग मायक्रोस्कोप आहे. तिथल्या मॅडमना विनंती केली, त्यांनी शनिवारी सकाळी बोलावलं. स्फटिक रुंद पृष्ठभागावर आडवा ठेवला, दोन्ही ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंपित ठेवणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात. नजरेपुढे काळोख आणि मधोमध चौकट उजळलेली. मॅडम म्हणाल्या, "मंच हळूहळू फिरवा." फिरवत गेले तशी चौकट मंदावत गेली आणि एका जागी दिव्याची वात खाली करावी तशी पूर्ण विझली. भिंगातल्या उभ्या तारेवर तेव्हा नेमका तिचा लांब कर्ण होता. दहा अंश पुढे नेली, परत उजेड. मागे आणली, परत काळोख. सहाही स्फटिकांवर हेच करून पाहिलं. ज्यांचा काळोख कर्णावर नेमका जुळला नाही असे दोन जुळे, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांना जोडून वाढलेले निघाले. ते बाजूला काढले. उरलेल्यांवर बारीक मार्कर पेनने कर्णाच्या टोकाशी एक ठिपका दिला. तुमच्या कॉलेजात एक्स-रे नसेल तर निराश होऊ नका, जवळपासचा भूशास्त्र विभाग गाठा. एक पैसा लागला नाही, आणि वर चहा मिळाला.

दुसरी वेळ १७ जानेवारी २०२४ ची मिळाली. पुन्हा ४,२४८ रुपये; या वेळी शिक्का, पावती, पत्र सगळं पहिल्याच फेरीत. स्फटिक दांडीला चिकटवायला क्विकफिक्सचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरतो. अकरा वाजता बी अक्ष दांडीच्या दिशेने ठेवून सुरुवात केली. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. एक खळगा, एक उंचवटा, दुसरा, तिसरा, चौथा. आणि मग सपाट. मी पाचव्याची वाट पाहत होते, तो आला नाही. दहा अंशांनी फिरवलं, पुन्हा चार. ऑपरेटर सर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आता चालू द्या." मला बोलताच आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला वहीत कोन लिहीत राहिले.

तीन प्रतलं, ० ते १८० अंश, दर १० अंशांना एक नोंद, म्हणजे एकूण ५७. प्रत्येकीला साधारण पाच मिनिटं. एबी प्रतलात आठ रेषा उलगडल्या आणि बी अक्षावर परत चार झाल्या, तेव्हा दुसरी खात्रीही झाली. प्रत्येक नोंदीबरोबर मायक्रोवेव्हची वारंवारता लिहून घ्या, ती थोडी थोडी सरकते. आमची ९.१ गिगाहर्ट्झच्या आसपास होती, डीपीपीएचची रेषा ३,२४५ गाऊसला (गाऊस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). फाइल फक्त चित्र म्हणून घेऊ नका, आकड्यांची मागा. सहा तास संपायला दहा मिनिटं असताना शेवटची नोंद झाली.

पुढचं काम घरी, रात्री मुलगी झोपल्यावर. जी, म्हणजे वारंवारता आणि रेषेचं क्षेत्र यांवरून निघणारा आकडा, त्याचा वर्ग कोनानुसार कसा बदलतो ते प्रत्येक प्रतलासाठी बसवायचं आणि तिन्ही प्रतलं जोडून मुख्य किंमती काढायच्या. शॉनलँड यांची १९५९ ची ही पद्धत एक्सेलमध्येही होते. पडताळणीसाठी ईझीस्पिन हे ईपीआरचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, पण त्याला मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर लागतं, ते विद्यापीठाच्या संगणकावर मिळालं. ज्या नोंदीत रेषांचा मध्य सगळ्यात खाली, २,७६० गाऊसला आला होता, तिथे जी २.३६. मला वाटलं हीच सर्वांत मोठी किंमत. पण मुख्य दिशा आपण निवडलेल्या प्रतलात असेलच असं नाही. गणित पूर्ण केल्यावर मुख्य किंमत २.४० आली.

इथे आणखी एक खड्डा आहे. दोन जागांचे दोन वक्र एका प्रतलात मिळतात आणि दोन दुसऱ्या प्रतलात. यातला कुठला वक्र कुठल्याचा जोडीदार हे नोंदी सांगत नाहीत. जोड्या दोन प्रकारे लागतात आणि उत्तरंही दोन येतात. मी तीन आठवडे चुकीच्या उत्तरावर बसून होते. सरांनी विचारलं, "ही दिशा स्फटिकात कुणाकडे बोट दाखवते?" मग प्रसिद्ध झालेल्या रचनेतून झिंक ते पाण्यातला ऑक्सिजन अशा बंधांच्या दिशा काढल्या. एका उत्तरातली दिशा कुठल्याच बंधाजवळ नव्हती. दुसऱ्या उत्तरातली एका बंधापासून ४ अंशांवर होती. तांबं त्याच बंधाच्या रेषेत ताणलं गेलं आहे. यान आणि टेलर यांनी १९३७ मध्ये सांगितलेली विकृती ती हीच. माझ्या जिन्याखालच्या खोलीत वाढलेल्या खड्यात ती दिसली, हे मला अजून पुरतं खरं वाटत नाही.

राहिली फूट प्रत्यक्ष किती ती. त्यासाठी प्रकाशाचं शोषण मोजावं लागतं, आणि अर्ध्या टक्क्याच्या स्फटिकात ते जेमतेम दिसतं. म्हणून मार्चमध्ये पाच टक्के तांब्याची वेगळी खेप वाढवली; उन्हाळ्यात ती बारा दिवसांत तयार झाली. विद्यापीठातल्या यंत्रावर ३०० रुपयांत नोंद मिळाली. ८३० नॅनोमीटरच्या आसपास एक रुंद पट्टा, म्हणजे सुमारे १२,००० प्रतिसेंटिमीटर. लाल आणि त्यापलीकडचा प्रकाश इथे गिळला जातो, म्हणून खडा निळसर दिसतो. जी २.४०, हा पट्टा आणि मोकळ्या तांब्याचा ८२९ हा स्पिन-ऑर्बिट अंक (इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा त्याच्या कक्षेशी असलेला दुवा) एकत्र घातले की अल्फा वर्ग ०.७२ येतो; तो इलेक्ट्रॉन किती प्रमाणात तांब्याकडे आहे हे तो सांगतो. एक आला असता तर तांब्याचा तो इलेक्ट्रॉन पूर्ण तांब्याकडेच आहे असं म्हणता आलं असतं. ०.७२ म्हणजे तो थोडा पाण्याकडेही जाऊन येतो. पट्टा रुंद असल्यामुळे हा आकडा ढोबळच, तसं प्रबंधातही लिहिलं आहे.

एकूण खर्च प्रवासासकट साधारण साडेबारा हजार, त्यातले साडेआठ हजार कॉलेजने दिले.

कर्णाच्या टोकाशी ठिपका दिलेले दोन आणि साधे पाच असे सात स्फटिक शिल्लक आहेत. अक्ष ओळखण्याच्या सरावासाठी कुणाला हवे असतील तर सांगा, कापसात गुंडाळून पाठवते. जून लागायच्या आत सांगितलंत तर बरं, कारण नवीन खेपेसाठी मामांकडून खोलीची किल्ली घ्यायची आहे.